बेटाचं सार्वमत, सार्जंट आणि आमचे बाबा

जूनच्या बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीत कुठेतरी जायचंच, हे बाबांमुळे ठरलं. बाबा म्हणजे माझे वडील, यवतमाळ जिल्ह्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या आमच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये येऊन त्यांना दीड महिना झाला होता. लुआस ट्राम किती मिनिटं उशिरा येते याची ते वहीत नोंद करायला लागले, तेव्हा माझी बायको मेधा म्हणाली, "अमोल, यांना कुठेतरी घेऊन चल. पुढच्या आठवड्यात हे ड्रायव्हरचा खुलासा मागवतील."

ऑफिसातल्या आयरिश मित्रानं गॉलवेपलीकडचं एक बेट सुचवलं. "तिथं कधीच काही घडत नाही. तुझ्या वडिलांना अगदी ग्रँड वाटेल." बेटाचं नाव मी मुद्दाम देत नाही. गार्डाच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, फाइलीत ते आहे, तेवढं पुरे.

शनिवारी सकाळी सातला निघालो. जाणाऱ्यांसाठी सूचना: गॉलवेत शिरणारा रस्ता सुट्टीच्या दिवशी तुंबतो, तास जादा धरा. वाटेतल्या पेट्रोल पंपांवर शाकाहारी माणसाला चीज सँडविच आणि पश्चात्ताप एवढंच मिळतं. मेधानं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या म्हणून निभावलं. बोटीचं जाऊन-येऊन तिकीट माणशी पंचवीस युरो. बेटावर एटीएम नाही, रोख न्या.

बोटीत आमच्यासमोर एक जाडजूड सार्जंट बसला होता. चेहरा हिरवट पडलेला. बाबांनी त्याला आवळासुपारी दिली. थोडं बरं वाटल्यावर तो बोलू लागला. उद्या बेटावर सार्वमत होतं. आयर्लंडमधून फुटून निघायचं की नाही, यावर. "बेकायदेशीर आहे," तो म्हणाला. "मला थांबवायला पाठवलंय."

"कोणत्या कलमाखाली?" बाबांनी विचारलं.

सार्जंटनं खिशातून पत्र काढलं. डब्लिनहून आलेलं. त्यात लिहिलं होतं की अशा सार्वमताला राज्यघटनेत आधार नाही, सबब उचित पावलं उचलावीत. कोणती, ते लिहिलं नव्हतं. बाबांचे डोळे ओले व्हायचेच बाकी होते. "पाह्य," ते मला म्हणाले, "इथंही असंच लिहितात!"

बेटावर उतरताना मात्र सगळ्यांचं हसू पळालं. जेटीच्या पायऱ्या तुटलेल्या, कठड्याचे गज गायब. सार्जंट घसरला आणि गुडघाभर पाण्यात गेला. मी आणि बोटवाल्यानं त्याला ओढून घेतलं.

आमचं बी अँड बी नोरा नावाच्या साठीच्या बाईंचं. माणशी पस्तीस युरो, न्याहारीसकट. बेटावर दुसरी सोय नाही, त्यामुळे सार्जंटही तिथंच उतरला. चहा पिताना कळलं की सार्वमत समितीची अध्यक्ष नोराच आहे. ज्या बाईला थांबवायचं तिच्याच हातचे स्कोन सार्जंट खात होता, आणि लोणी थोडं जास्त मागत होता.

"मतपेटी कुठे आहे?" त्यानं घास गिळून विचारलं.

"प्रेसमध्ये," नोरा म्हणाली.

बाबा दचकले. "म्हनजे पेपरवाल्यांपर्यंत गेलं?" मी समजावलं की इथं कपाटाला प्रेस म्हणतात. नोरानं कपाटातून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढला. झाकणाला चाकूनं पाडलेली फट. बाबांनी डबा हातात घेऊन उलटसुलट केला, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं की आता आपली सुट्टी संपली.

"सील कुठं आहे? मतदार यादी? विरोधी बाजूचा प्रतिनिधी?"

विरोधी बाजू म्हणजे नोराचा दीर मार्टिन, बेटावरच्या एकमेव पबचा मालक. वेगळं झालो तर पेन्शन कोण देणार, हा त्याचा मुद्दा. दोघं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. संध्याकाळी पबमध्ये त्यानं आम्हाला सुनावलं, "ती मतं मोजणार असेल तर मी मानणार नाही. आणि मी मोजली तर ती मानणार नाही." मग त्याची नजर बाबांवर गेली. "तुमचा हा माणूस कोण? म्हणे चाळीस वर्षं निवडणुका घेतल्या?"

"अडतीस," बाबा म्हणाले.

अशा रीतीनं आयरिश प्रजासत्ताकातून फुटण्याच्या सार्वमताचे मतदान केंद्राध्यक्ष म्हणून माझ्या वडिलांची नेमणूक झाली. ते टूरिस्ट व्हिसावर होते. माझं वर्क परमिट महिन्याभरात नूतनीकरणाला जाणार होतं.

बाहेर येऊन मी त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. "बाबा, हे बेकायदा आहे! पोलीस आपल्याच घरात झोपणार आहे! माझी नोकरी गेली तर?"

ते समुद्राकडे बघत शांतपणे म्हणाले, "बेकायदा आहे हे मले समजते. पन काम बेकायदा आहे म्हनून ते गबाळं करावं काय?"

"हा आपला देश नाही."

"ते बाई सांगत होती, ऐकलं काय तू? तिच्या नवऱ्याले हिवाळ्यात झटका आला. बोट जेटीले लागेना. नऊ तास. मानूस वाचला, पन आता गॉलवेच्या नर्सिंग होममंधी चाकाच्या खुर्चीत आहे. खुर्ची या पायऱ्यांवरून चढत नाही म्हनून घरी येत नाही. सहा वर्षं हे लोक जेटी दुरुस्त करा म्हनून अर्ज करून राह्यले." ते थांबले. "अर्ज कुठं पडून राहतात ते मले मालूम आहे, बाप्पा. मी ठेवलेले आहेत."

मेधानं माझा हात दाबला आणि म्हणाली, "सार्जंटशी बोल निदान." पण ते काम बाबांनी आधीच करून ठेवलं होतं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चशेजारच्या हॉलमध्ये मतदान सुरू झालं. बाबांनी मेणबत्तीच्या मेणानं डब्याला सील केलं. मेधाची नेलपॉलिश शाई म्हणून प्रत्येकाच्या तर्जनीवर लागली. ऐंशीच्या घरातला एक मेंढपाळ गुलाबी नखाकडे बघून म्हणाला, "आता मी स्वतंत्र दिसतो." डब्लिनहून पबमधल्या फॅक्सवर हुकूम आला: पेटी जप्त करा. सार्जंट कागद घेऊन बाबांपाशी आला.

"दोन वाजता मतदान संपलं की करा," बाबा म्हणाले. "आत्ता अर्धा पुरावा जमा झालेला आहे. अर्धा पुरावा जप्त केला तर वरचे तुम्हालाच विचारतील."

सार्जंटला ते पटलं. तो दारात खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्या म्हाताऱ्यांना पायरी चढायला हात देऊ लागला. सार्वमत रोखण्याचा याहून सभ्य प्रकार मी पाहिलेला नाही.

दोनच्या ठोक्याला त्यानं डबा जप्त केल्याचं जाहीर केलं. हॉलमध्ये कुजबुज वाढली, मार्टिन उठून उभा राहिला. तेव्हा बाबांनी वही उघडली. "पंचनामा?"

"तो काय असतो?"

"जप्त मालाची यादी. नग किती, वर्णन काय, दोन साक्षीदार. न मोजता नेलं, आणि उद्या कुणी म्हणालं की बोटीत कागद बदलले, तर?"

सार्जंटनं घाम पुसला. मग टेबलाशी बसून त्यानं स्वतःच्या हातानं एकेक चिठ्ठी उघडली, वर्णन मोठ्यानं वाचलं आणि सरकारी वहीत लिहिलं. नोरा आणि मार्टिन दोन्ही बाजूंना साक्षीदार. एकूण एकाहत्तर नग. "होय" असं लिहिलेले एकोणचाळीस. "नाही" लिहिलेले एकतीस. एकावर "आधी जेटी बांधा". ती चिठ्ठी बाबांनी फार वेळ हातात धरली आणि नाइलाजानं बाद ठरवली.

निकाल लागला होता, तोही गार्डाच्या सहीनं. टाळ्या वाजल्या नाहीत. बेट जिंकलं होतं आणि घाबरलं होतं. नोरा हळूच म्हणाली, "आता मंगळवारी पेन्शन येईल ना?"

"येईल," मार्टिन म्हणाला. वर्षभरातला त्याचा तिच्याशी बोललेला पहिला शब्द.

बाबांचं मात्र संपलं नव्हतं. "घटनास्थळाचं वर्णन राहिलं. तिथं पोहोचायचा रस्ता." आणि सार्जंटनं, ज्याचे बूट अजून वाळले नव्हते, मोडक्या पायऱ्या आणि हरवलेले गज एकूणएक मोजून लिहिले. पान भरलं. दुसरं लावलं. माझं नाव कुठेही आलं नाही. बाबांचं आलं: "स्थानिक पद्धतीची माहिती असलेले एक गृहस्थ".

सोमवारी परतताना अ‍ॅथलोनजवळ बाबांनी वही मिटली. मग म्हणाले, "नोकरीत मी सोता एकदाही मत टाकलं नाही. दर वेळी ड्यूटी. टपाली मतपत्रिका मागवली की निकालानंतर यायची."

"आणि रिटायर झाल्यावर?"

"गेलो होतो. यादीत नावच नव्हतं."

मी हसलो, मेधा हसली, ते हसले नाहीत. "तुह्यं नाव आहे काय इथं?"

पाच वर्षं इथं राहून मला माहीतच नव्हतं की नागरिक नसलो तरी कौन्सिलच्या निवडणुकीत मला मत देता येतं. निवडणूक अजून तीन वर्षं लांब होती. तरी भारतात परतण्याआधी बाबांनी माझा आणि मेधाचा फॉर्म स्वतःच्या सुबक अक्षरात भरला आणि स्वतः पोस्टात टाकून आले.

स्वातंत्र्याबद्दल बेटाला कुणी काही कळवलेलं नाही, असं नोराच्या पत्रात होतं. सार्वमत बाद ठरवायचं तर आधी ते झालं असं मान्य करावं लागेल, म्हणून फाइल दोन खात्यांत फिरतेय. पण पंचनाम्याची प्रत तिसऱ्याच खात्यात पोहोचली आणि दोन इंजिनीअर टेप घेऊन जेटी मोजून गेले. तिचा नवरा अजून गॉलवेलाच आहे. तिनं त्याच्यासाठी खालची खोली रंगवून घेतलीय.

नोव्हेंबरमध्ये मतदारांची कच्ची यादी लायब्ररीत लागली. मी जेवणाच्या सुट्टीत गेलो. बोटानं ओळी चाळत बराच वेळ उभा राहिलो आणि बाहेर येऊन यवतमाळला फोन लावला.

"बाबा, नाव आलं. दोघांचंही. पण इथल्या आडनावांसारखं बोंडेचं ओ'बोंडे केलंय."

पलीकडे ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "झाला ना मंग तिथला!" मग आवाज एकदम तहसील कचेरीतला झाला. "दुरुस्तीची मुदत कधीपर्यंत आहे?"

मी पुन्हा आत गेलो आणि काउंटरवरच्या बाईंकडे फॉर्म मागितला.