वन्संनी मागून घेतलेली गोळी

आमच्या वन्सं शिवणकाम करतात. रक्तदाब जुना, पण गणवेशांच्या हंगामात त्या आराम करतील तर शपथ. यंदा फारच थकवा आला, तेव्हा त्यांनी शेजारणीकडून तिच्या मुलाची गोळी मागून घेतली. अभ्यासात लक्ष लागावं म्हणून ती त्याला डॉक्टरांनी दिली होती.

"पोराला चालते, मला काय धाड भरणार आहे?" वन्सं म्हणाल्या.

दुपारी मी चहा घेऊन गेले, तर शर्टांचा ढीग तयार आणि प्रत्येक खिसा वरच्या बाजूनेही शिवलेला. मला हसू फुटलं, तोच त्यांनी छाती धरली. धडधड थांबेना. त्यांना तसंच दवाखान्यात नेलं.

रक्तदाब बघून आणि गोळीचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, या गोळीने रक्तदाब आणखी चढतो, हृदयावर ताण येतो. जिवावर बेतलं असतं. थकवा आला तर माझ्याकडे यायचं, शेजारी नाही."

"आणि माझे गणवेश?"

"मुलं चार दिवस जुने घालतील. तुमच्याकडे दुसरं हृदय आहे का?"

मग वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, उरलेलं कापड कोपऱ्यावरच्या शिंप्याला दे. कॉलर वाकडीच लावतो मेला, पण घेऊ चालवून."