दोन ताटं

गौरी वजनकाट्यावर उभी होती आणि आकड्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती. वजन पुन्हा वाढलं होतं.

"मॅडम, आता हिला काय हवा खायला घालू?" तिची आई सुनंदा म्हणाली. "सकाळी अर्धी भाकरी, दुपारी अर्धी. साखर बंद, वडापाव बंद. शाळेत डबा मीच देती. तरी ही फुगतीच हाय."

मी शिरूरच्या एका बालरुग्णालयात डाएटिशियन आहे. म्हणजे कुणी काय आणि किती खावं, ते सांगायचं काम. गौरी दहा वर्षांची, गाव मांडवगण फराटा. तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, बराच वर गेला होता. थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल. आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्याही तपासण्या करून बघितल्या. सगळं नॉर्मल.

"घरचे खोटं बोलतायत," डॉक्टर म्हणाले.

"सर, ती बाई खोटं बोलणारी वाटत नाही."

"मग वजन येतं कुठून?"

मी गौरीच्या आईला पुढच्या महिन्याची तारीख लिहून दिली.

पुढच्या खेपेला सुनंदानं धाकटीलाही आणलं. इशा, सहा वर्षांची, काडीसारखी. "हिचे पप्पा म्हणत्यात, हिला वजन वाढायची पावडर लिहून द्या. तूप, शेंगदाण्याचे लाडू, दूध, सगळं चालू हाय. ताट रोज चाटूनपुसून रिकामं हुतंय, पर अंगाला लागत न्हाई."

मी इशाचे आकडे ग्रोथ चार्टवर मांडले. वयाप्रमाणे वजन-उंची कशी वाढते, त्याच्या रेषा असतात त्यावर. इशा बारीक होती, पण तिच्या रेषेत अगदी व्यवस्थित होती. तिला आजार काहीच नव्हता. तरी प्रश्न उरलाच. एका चुलीवरचं अन्न. कमी खाणारी वाढतेय, आणि भरपूर खाणारी बारीकच. मी चक्रावले.

त्याच सुमाराला त्यांच्या गावातल्या शाळेत आमचं तपासणी शिबिर होतं. सुटीचा वार होता, शिबिर सगळ्या गावासाठी होतं. काम लवकर आटोपलं आणि मी सरळ त्यांच्या घरी गेले. पोरी जेवायला बसल्या होत्या. गौरीच्या ताटात अर्धी भाकरी, मेथी आणि काकडी. इशाच्या ताटात तुपानं माखलेल्या दोन चपात्या, बटाट्याची भाजी, वर लाडू. वडील, संतोष, रांजणगावला कंपनीत सुपरवायझर. ते समोर बसून दरडावत होते, "ताट संपल्याशिवाय उठायचं न्हाई. कळलं का, इशे?"

त्यांना फोन आला, ते बाहेर गेले. सुनंदा माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली. मी दाराशी चप्पल काढत होते. तेवढ्यात इशानं आपलं ताट बहिणीकडे सरकवलं. गौरीनं उरलेल्या चपातीचे दोन घास केले, लाडू तोंडात कोंबला आणि ताट परत सरकवलं. इशानं ते पुढ्यात नीट ठेवलं. रोजची सवय दिसत होती.

मग गौरीची नजर माझ्यावर गेली.

"मॅडम, पप्पांना सांगू नका," ती तोंडातला घास कसाबसा गिळत म्हणाली. "हिला मारत्यात संपलं न्हाई की. आन् मला भूक लागती."

आता काय करायचं, मला कळेना. सांगावं तर दोघी मार खाणार. न सांगावं तर इतक्या महिन्यांची ट्रीटमेंट हा पोरखेळ. संतोष आत आले. मी मोघम सुरुवात केली, "दोघींना एकच जेवण वाढून बघूया का?"

"कशापायी?" ते म्हणाले. "एकीला कमी करायचं, एकीला वाढवायचं. एकच जेवण कसं चालंल?"

तेवढ्यात आतून चहा आला. चहाचा कप माझ्या हातात देत सुनंदा म्हणाली, "मला ठाव हाय, मॅडम. तुम्ही बघितलं ना?"

"काय ठाव हाय?" संतोषनी विचारलं.

"धाकटीचं ताट थोरली संपवती."

"आन् तू मला सांगितलं न्हाई?"

"सांगण्यासारखं ठेवलंय का तुम्ही? ताट रिकामं दिसलं की घरात आरडाओरडा होत न्हाई. आन् थोरलीला अर्ध्या भाकरीवर उठवताना माझा जीव तुटतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी खोटं बोलले न्हाई, मॅडम. मी वाढती तेवढंच सांगितलं."

संतोष खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण नेमकं कुणावर ओरडायचं, हेच त्यांना कळत नसावं.

शेवटी मी एवढंच सांगितलं: चौघांनी एकत्र बसायचं. सगळ्यांना तेच जेवण. काय वाढायचं ते आईवडिलांनी ठरवायचं, किती खायचं ते पोरींनी. पोट भरलं की उठायचं. ताट तपासायचं नाही, हात उगारायचा नाही.

"धाकटी उपाशी ऱ्हाईल," संतोष म्हणाले.

"राहिली तर पुढच्या जेवणाला जेवेल."

पहिल्या आठवड्यात इशा खरंच दोन घास खाऊन उठायची. संतोषचे मला रोज फोन. मग ती आपणहून भाकरी मागायला लागली. गौरीचं वजन कमी झालं नाही, पण वाढायचं थांबलं. या वयात तेवढं पुरतं. उंची वाढते आणि हिशोब आपोआप जुळतो.

"औषध कुठलं दिलं म्हणायचं मग?" संतोषनी मला नंतर विचारलं. मी काहीच दिलं नव्हतं.

गौरी मात्र माझ्याशी अजून नीट बोलत नाही. मी एक शब्द सांगितला नव्हता, पण तिच्या लेखी मीच सांगितलं. इशाला रोज तीच वाचवत होती. ते काम मी तिच्याकडून काढून घेतलं, असंही असेल.

आता कुणी एका मुलाच्या वजनाची तक्रार घेऊन आलं, की मी आधी विचारते, घरात जेवायला आणखी कोण कोण बसतं?