एका तिकिटात दोघं

आमच्या घरात पैशाची ओढाताण कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला तरी माझ्या नवऱ्याची दया यायची. हे एका चांगल्या कंपनीतून निवृत्त झाले, मी डोंबिवलीतल्या शाळेत संगीत शिकवून. मुलगी लग्न होऊन ठाण्याला. दिवा स्टेशनजवळ घेऊन ठेवलेल्या फ्लॅटचं भाडं येतं. तरी युरोपला जायचं ठरलं तेव्हा हे म्हणाले, "टूरवाल्यांबरोबर जाणं म्हणजे स्वतःहून खिसा कापून घेणं. मी करतो प्लॅन."

आणि केला. पावसाळाभर लॅपटॉपसमोर बसून केला. कुठल्या गावात कुठल्या वारी संग्रहालय फुकट असतं, विमानतळावरून झटपट गाडीऐवजी साधी कुठली धरायची, ट्रामचा दिवसभराचा पास दुपारी काढला की दुसऱ्या दुपारपर्यंत कसा चालतो. मला कौतुकच वाटायचं, खोटं का बोलू. शेजाऱ्यांना मीच सांगायचे, "यांनी सगळं घरबसल्या केलं बरं का."

मी एकच गोष्ट मागितली होती. व्हिएन्नाला एक व्हायोलिनची मैफल. लग्नाआधी मी ठाण्यात व्हायोलिन शिकत होते. पुढे शाळेत पेटीवर समूहगीतं बसवण्यात जन्म गेला, पण सकाळी सगळ्यांचे डबे भरून झाले की थोडा वेळ गज हातात घ्यायचा, एवढं मी सोडलं नाही.

"बघू की," हे म्हणाले.

निघताना मुलीने माझ्या हातात युरोचं पाकीट ठेवलं. "आई, हे फक्त तुझे. तुला वाटेल ते बघ. बाबांना विचारत बसू नकोस." विमानतळावर यांनी ते मागून घेतलं आणि पोटाला बांधलेल्या पाऊचमध्ये सरकवलं. "एकत्र असलेलं बरं. तू कुठेतरी विसरशील."

तिथे गेल्यावर आम्ही चाललो. पास चालू असेल तोवर लांबलांबची ठिकाणं धावतपळत उरकायची आणि पास संपला की पायी. माझा उजवा गुडघा जुनाच आजारी. ट्राम शेजारून घंटा वाजवत जायची आणि हे म्हणायचे, "पायी फिरल्याशिवाय शहर कळत नाही." राजवाडे आम्ही फाटकातून बघितले. "आत काय असणार? खुर्च्या आणि पलंग." नदीतली बोट आली की मला पुलाच्या कठड्याशी उभं करायचे. "बघ, बोटीतल्यांना बोट दिसत नाही, आपल्याला दिसते." सुरुवातीला मी हसायचे.

व्हिएन्नाला एका छोट्या सभागृहात संध्याकाळी कार्यक्रम होता. मी दारातल्या पोस्टरपाशी थांबले, हे खिडकीवर गेले आणि परत आले ते खुशीत, एकच तिकीट घेऊन.

"एकच?"

"ऐक तर. मध्ये मध्यंतर आहे. पहिला भाग तू ऐक, दुसरा मी ऐकतो. एका तिकिटात दोघं!"

"अहो, पण तुम्हाला कुठे आवडतं हे?"

"आवडायचा प्रश्न नाही. व्हिएन्नाला जाऊन मैफल ऐकली नाही, असं लोकांना सांगू?"

मी कार्यक्रमाचा कागद बघितला. पहिल्या भागात सगळ्यांनी मिळून वाजवायचे लहान तुकडे होते. व्हायोलिनचं मुख्य वादन मध्यंतरानंतर. मी म्हटलं, "मग तुम्ही आत्ता जा, मी नंतर जाते."

"आत्ता मला जमणार नाही. उद्याचा पास काढायचाय, ती खिडकी बंद होईल." आणि तिकीट माझ्या हातात देऊन हे चालूही लागले.

मी आत गेले. वादक अगदी जवळ बसले होते, गज फिरताना त्यांच्या बाह्यांच्या घड्या दिसत होत्या. इतक्या तारा इतक्या सुरात एकदम वाजताना मी कधी समोर बसून ऐकल्या नव्हत्या. थोडा वेळ मी गुडघा विसरले, पाऊच विसरले, सगळंच.

मध्यंतराला बाहेर आले तर हे दारातच हात पुढे करून उभे.

"अहो, खरा व्हायोलिनवाला आता येणार आहे. मला ऐकू द्या ना. पोरीने दिलेल्या पैशातून अजून एक तिकीट काढा."

"अर्ध्या कार्यक्रमाला पूर्ण तिकीट? वेड लागलंय का?"

"मग मीच बसते. तुम्ही फिरून या."

"अगं, असं काय करतेस लहान मुलासारखं? ठरलंय ना आपलं?"

आजूबाजूची माणसं बघायला लागली होती. यांनी माझ्या बोटांमधून तिकीट काढून घेतलं आणि आत गेले. जाड दारं लागली. मी बाहेरच्या बाकावर बसले. दारातून सूर असा काही येतच नव्हता, नुसती एक घरघर. टाळ्या तेवढ्या स्वच्छ ऐकू आल्या. खूप वेळ वाजत होत्या.

हे बाहेर आले ते डोळे चोळत. "मस्त डुलकी लागली गं. आत छान ऊब होती." मग हसायलाच लागले. "आणि गंमत सांगू? मध्यंतरानंतर तिकीट कोणी बघतच नव्हतं! तूही खुशाल बसली असतीस. आधी कळलं असतं तर एकसुद्धा काढलं नसतं."

मुक्कामाच्या जागी आम्ही पायीच गेलो. मी दोन पावलं मागेच चालत राहिले. मी दमले असेन, असं यांना वाटलं.

डोंबिवलीत परतल्यावर ज्येष्ठ नागरिक मंडळाने यांचं भाषण ठेवलं, कमी खर्चात युरोप. पडद्यावर फोटो, हॉल भरलेला. पास, फुकटचे वार, पुलावरून बोट, सगळं सांगून झालं आणि शेवटी यांनी 'एका तिकिटात दोघं'चा किस्सा काढला. हॉल हसून हसून लोळायचा बाकी होता. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मला विचारलं, "वहिनी, तुम्हाला कशी वाटली हो मैफल?"

"मी अर्धीच ऐकली," मी म्हटलं. "जी ऐकायची होती, ती यांनी झोपून काढली."

लोक आणखी जोरात हसले. टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, आम्ही नवरा-बायकोंनी हे ठरवून बसवलंय. यांनीही माझ्याकडे कौतुकाने बघितलं.

त्या भाषणानंतर हे मंडळात मोठे झाले. कोणी व्हिसाचं विचारायला येतं, कोणी स्वस्त विमानाचं. मी चहा करते. यंदा जपानचं निघालं. हे नकाशा पसरून बसले होते, तेव्हा मी सांगून टाकलं, "मी येणार नाही."

यांनी मान वर केली. मला वाटलं होतं, का म्हणून विचारतील. निदान गुडघ्याचं तरी विचारतील. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, कितीतरी दिवस मनात घोळवलेलं.

"बरं," हे म्हणाले. "मग मंडळातले ते दोघं विचारत होते, त्यांना घेतो. तिघांत एक खोली चालते तिकडे." आणि फोन उचलून त्यांना आनंदाने कळवायला लागले.

उत्तर माझ्यापाशीच राहिलं. तेव्हापासून कोणीही ते विचारलेलं नाही.