धुराचा आहेर

क्षमा हा माझा गुण नाही, आणि या वयात तो अंगी बाणवायची हौसही नाही. मी आयुष्यभर ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. कशात काय मिसळलं की काय होतं, हे पोरांना सांगताना माझा आवाज कधी चढला नाही. पण पुंडलिकनगरात आमच्या घराला लागून मंगल कार्यालय झालं, त्याच्या जनरेटरची नळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर निघाली, आणि माझी शांतता गेली ती गेलीच.

माझ्या बायकोला दमा आहे. पूर्वी तो पाहुण्यासारखा यायचा, चार दिवस राहून निघून जायचा. कार्यालय झालं तसा त्यानं मुक्कामच ठोकला. वीज गेली की शेजारी जनरेटर धडधडायला लागायचं आणि डिझेलचा धूर सरळ आमच्या ओट्यावर. खिडकी लावली तरी फटीतून यायचा, कणकेच्या परातीत काळी भुकटी बसायची. लोक त्या भुकटीला भितात. मला विचाराल तर तो धुरातला सज्जन भाग. मोठे कण नाकाघशात अडकतात, शिंकून-खोकून बाहेर तरी पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत ते कण खरे हरामखोर. अर्धवट जळालेलं तेल अंगाला फासून ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथंच बिऱ्हाड करतात. सोबतीला नायट्रोजनचे ऑक्साइड, ते श्वासनलिका आतून सुजवतात. दम्याच्या माणसाला आणखी काय पाहिजे?

त्यात तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात, आणि नेमकी तेव्हाच थंडी पडते. संध्याकाळी जमिनीजवळची हवा गार होते, वरच्या गरम हवेचं झाकण बसतं आणि धुराला वर जायला वाट उरत नाही. हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवत असे. आता ते चित्र माझ्या स्वयंपाकघरात रोज उभं राहायचं.

मी कार्यालयाच्या मालकाकडे गेलो. माणूस तोंडाचा गोड. हात जोडून म्हणाला, "सर, शुभकार्य असतं. अशा ठिकाणी धूर-बिर असं अभद्र बोलू नये." गल्लीत कुणी माझ्या बाजूनं बोलेना. बोलणार कसं? प्रत्येक लग्नातली उरलेली जिलबी हा माणूस घरोघर पाठवायचा. जिलबी खाल्लेल्या तोंडातून तक्रार निघत नाही. आमच्याकडे आलेली मी परत पाठवली, तेव्हा गल्लीनं मलाच तऱ्हेवाईक ठरवलं.

मग मी लेखी तक्रार केली. बऱ्याच दिवसांनी दोन माणसं हवा तपासायचं यंत्र घेऊन आली, तीही पितृपंधरवड्यात. पितरांच्या दिवसांत लग्न कोण लावतं? कार्यालयाला कुलूप, जनरेटर गार. यंत्रानं सांगितलं, हवा उत्तम आहे. मी म्हटलं, दिवाळीनंतर या. ते म्हणाले, तपासणी झाली सर. मालकानं त्यांना चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोचवायला आला. जाताना माझ्याकडे बघून हसला. ते हसू मी जपून ठेवलं.

पुढच्या लग्नसराईत एका संध्याकाळी वीज गेली. ही वाफेचं मशीन तोंडाला लावून बसली होती, ते बंद पडलं. त्याच क्षणी शेजारचं जनरेटर सुरू झालं. बॅण्डवाल्यांनी नवरदेवाचं गाणं धरलं. ही ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती, मान पुढं, खांदे वर, आणि ओठांचा रंग बदलत चाललेला. मी तिला रिक्षात घालून उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात नेलं. वाटेत वरात आडवी. रिक्षावाला खाली उतरून ओरडला, "अरे भाई, रस्ता दो, पेशंट है!" तेव्हा कुठं लोक सरकले.

ती वाचली. डॉक्टर म्हणाले, छाती आता पहिल्यासारखी होणार नाही, जपा. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, जपतो. आधी त्या मालकाला बघतो.

संधी त्यानंच आणून दिली. त्याच्या मुलीचं लग्न निघालं, अर्थातच स्वतःच्या कार्यालयात. पत्रिका घेऊन तो आला. "सर, झालं गेलं विसरा. वहिनींना घेऊन या." मी म्हटलं, नक्की येतो. बायको आतून म्हणाली, "अहो, तुम्ही कसे काय कबूल झालात?" मी पत्रिका कपाटात ठेवली. ती मला पुरती ओळखून आहे.

आमच्याकडे लग्नात मानाच्या माणसांना टॉवेल-टोपीचा आहेर करतात. माइकवरून नाव पुकारलं, मी स्टेजवर गेलो. मालकानं खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी ठेवली, वाकून नमस्कार केला. फोटो निघाला. पंगत बसता बसता वीज गेली आणि जनरेटर धडधडलं.

मी उठून घरी आलो. बायकोला पुढच्या खोलीत बसवून दार लावलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडली, टोपी सांडशीत धरली आणि हात लांब करून नळीच्या तोंडासमोर धरली. धुरानं माझेच डोळे वाहायला लागले, पण हात मागं घेतला नाही. पंगत उठायच्या आत टोपी काळीठिक्कर झाली. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

ती घेऊन मी परत स्टेजवर चढलो. मालक व्याह्यांशेजारी उभा होता. मी म्हटलं, "आहेर नुसता घ्यायचा नसतो, परतही करायचा असतो." आणि ती टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. काजळी त्याच्या कपाळावरून भुवयांवर उतरली. व्हिडिओवाला शूटिंग करतच राहिला.

"सर, हे काय? धुतली की निघंल ती," तो कसाबसा म्हणाला.

"टोपी निघेल. बायकोची छाती मी कुठल्या साबणानं धुवू?"

व्याही लासूर स्टेशनचे, आडतीच्या धंद्यातले. त्यांनी टोपीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "पाव्हणं, हे तुमच्याच इंजिनाचं व्हय? लई घाण सोडतंय की." मालकाची मान खाली गेली. नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. खोटं कशाला लिहू?

आठवड्याच्या आत नळी गच्चीच्या वर गेली. इंजिन तेच, डिझेल तेच, फक्त तोंड वर. आमच्या ओट्यावरची भुकटी थांबली. ही खिडकी उघडून भाजी निवडायला लागली, आणि मी गल्लीतून छाती काढून फिरू लागलो.

कार्यालयाच्या मागं मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या खोल्या आहेत. तिथं शेळ्या राखणारं एक धनगराचं कुटुंब राहतं. घरातले तरुण बांधकामावर जातात. त्यातला म्हातारा एका सकाळी नातीला कडेवर घेऊन आमच्या फाटकाशी आला. पोरगी खोकत होती. मी विचारायच्या आत तो म्हणाला, "सर, नळी वर गेल्यापासून समदा धूर आमच्या पत्र्यावर उतरतोय. लेकरू झोपत नाय."

इमारतीवरून वारा गेला की तो पलीकडं खाली वळतो आणि धूरही सोबत घेऊन उतरतो. हेही मी शिकवलेलंच होतं. मी म्हटलं, मालकाला जाऊन सांगितलं का?

"सांगितलं की. हाकलून दिलं," तो म्हणाला. "तुमचं ऐकलं त्यानं. तुमाला त्यानं टोपी घातली, म्हून ती परत करता आली. आमाला लग्नाला कोण बोलावतंय सर?"