सकाळी उघडलेलं पान

फोन आला तेव्हा मी खाली कचरा ठेवत होते. मंगळवार, जाळायच्या कचऱ्याचा दिवस. पिशव्यांवर जाळं नीट ओढलं नाही तर कावळे सगळा रस्ता घाण करतात, आणि मग शेजारच्या आजी एक अक्षर न बोलता स्वतः झाडू घेऊन येतात. म्हणून मी जाळ्याची टोकं विटेखाली दाबत होते, तेवढ्यात वरून निखिलने, माझ्या नवऱ्याने, हाक मारली. जपानमधल्या आमच्या या हिगाशी-कसाई वस्तीत गॅलरीतून कुणी कुणाला हाक मारत नाही. मी वर पाहिलं आणि जाळं तसंच सोडून वर धावले. "माधवदादा गेले गं... आंघोळ करून बाहेर आले आणि छातीत कळ आली म्हणाले." या गोष्टीला आता दोन महिने होतील. दादांबद्दल चार चांगले शब्द लिही म्हणून पुष्कळांनी सांगितलं. मला चांगले शब्द नंतर लिहिता येतील, आधी एक चूक निस्तरायची आहे.

माधव करंदीकर मूळचे डोंबिवलीचे, पण मी इथे आले तेव्हा त्यांना आणि शुभावहिनींना इचिकावात राहून बारा-तेरा वर्षं झाली होती. नवीन आलेल्या प्रत्येक मराठी घराकडे पहिला नंबर त्यांचाच असायचा. नगरपालिकेचं पत्र आलं, दादा. मुलाला ताप आला आणि डॉक्टरला जपानीत काय सांगायचं कळेना, दादा. आमच्या घरची इंटरनेटची जोडणीही त्यांनीच बसवली, गुडघ्यावर बसून, टेबलाखाली डोकं घालून. तेव्हा मी विचारलं होतं, "दादा, तुम्ही ऑफिसात नक्की करता काय?" ते तसेच टेबलाखालून म्हणाले, "वाढपी आहे गं मी." मग चहा घेताना समजावून सांगितलं. वेबसाइटचं पान आपल्याला एकसंध दिसतं, पण ते तुकड्यांचं बनतं. वरचं नाव, चित्रं हे तुकडे दिवस दिवस बदलत नाहीत, ते वाचणाऱ्याच्या जवळच्या मशीनवर आधीच ठेवून द्यायचे. बातमी मात्र क्षणाक्षणाला बदलते, तो तुकडा दर वेळी ताजा आणून मधे बसवायचा. "लोणचं-कोशिंबीर आधी वाढून ठेवली तरी चालते, पोळी मात्र तव्यावरचीच हवी. कुठल्या तुकड्याला किती वेळ ठेवायचं हे ज्याला कळलं, त्याला आमचं सगळं काम कळलं."

मग दोन हजार अकरा सालचा भूकंप झाला, समुद्रकाठचं अणुवीज केंद्र फुटलं. माझी सई तेव्हा सात महिन्यांची. मला दूध पुरत नव्हतं, तिला पावडरचं लागायचं. अर्धी मंडळी भारतात निघून गेली, आम्हाला तिकिटं मिळेनात. बातम्या सगळ्या जपानीत आणि इतक्या भराभर की मला एका वाक्यातले दोन शब्द कळायचे. दादांनी दोन दिवसांत आपल्या लोकांसाठी एक पान उभं केलं. रेल्वे, वीज कधी जाणार, पाणी... सगळं सोप्या मराठीत. भाषांतर ते स्वतः करायचे, आणि त्यांच्या ऑफिसातले मोरी-सान, म्हणजे आपले मोरीसाहेब, सगळ्या मशीनवर ते पोचतंय की नाही बघायचे. पाण्याचा तुकडा एका मिनिटापेक्षा जुना राहू द्यायचा नाही, असं ठरलं होतं. त्या दिवसांत आमच्यासारख्यांना त्या पानाचाच आधार होता.

आणि एके दिवशी दुपारी जाहीर झालं की नळाच्या पाण्यात किरणोत्सर्ग सापडलाय, तान्ह्या बाळांना ते देऊ नका. मला पत्ताच नाही! मी सईची बाटली करण्याआधी लॅपटॉपचं झाकण उघडलं, समोर दादांचं पान होतं, त्यावर लिहिलेलं, 'नळाचं पाणी वापरायला हरकत नाही.' मी पाणी उकळलं, निववलं, दूध केलं आणि पाजलं. संध्याकाळी निखिल दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन धापा टाकत आला आणि दारातूनच ओरडला, "नळाचं दिलं नाहीस ना?"

मी दादांना फोन केला. काय काय बोलले ते सगळं लिहिण्याची मला लाज वाटते. "तुमच्या भरवशावर माझ्या पोरीला विष पाजलं मी," हे मात्र लिहिते, कारण ते खरंच म्हणाले. मग ते म्हणाले, "चुकलं, मुक्ता. माझ्याकडून चुकलं." दुसऱ्या दिवसापासून त्या पानावर प्रत्येक तुकड्याखाली ठळक अक्षरांत वेळ यायला लागली, ही माहिती इतक्या वाजताची. मी म्हटलं, बघा, आता सुचतंय शहाणपण.

सईला काही झालं नाही. एवढ्याशाने काही होत नाही, असं डॉक्टरांनीही सांगितलं. राग ओसरला, जाणं-येणं पुन्हा सुरू झालं. पण माझी जीभ पहिल्यापासून तिखट. गणपतीत दादा श्रीखंडाचा डबा घेऊन आले की मी सगळ्यांसमोर विचारायचे, "आजचं आहे ना दादा, की तुमच्या साइटवरचं?" हशा पिकायचा, दादाही हसायचे. मग तो विनोद सगळ्यांचाच झाला. नवीन आलेल्यांना तर त्यामागची गोष्टही ठाऊक नसायची. दादांनी गाडीची वेळ सांगितली की कुणीतरी म्हणणारच, आजची ना? असं बारा वर्षं चाललं.

ते गेल्यावर कोतोमधल्या एका सभागृहात आम्ही सगळे जमलो. एक तरुण मुलगा उठला, बोलता बोलता गहिवरला आणि म्हणाला, "दादा वर पोचले असतील आणि चित्रगुप्त त्यांना विचारत असेल, माहिती आजची आहे ना?" सगळे रडता रडता हसले. मीही. माझ्या शेजारी मोरी-सान काळ्या सुटात ताठ बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, लोक कशाला हसले? मी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत त्यांना विनोद समजावला, पाण्याची गोष्टही सांगितली. ते हसले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून माझ्याकडे वळले.

"मुक्ता-सान," ते म्हणाले, "त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी सगळ्या मशीन तपासल्या. पाण्याचा तुकडा प्रत्येक ठिकाणी मिनिटभरात बदलला होता. मग तुमच्याकडे जुनं कसं दिसलं, हे माधव-सानना कळेना. तुमची जोडणी त्यांनीच बसवलेली, म्हणून तुमच्या घरची नोंद त्यांना ओळखता आली. तुमच्याकडून पान त्या दिवशी एकदाच मागवलं गेलं. सकाळी."

सकाळी... सकाळीच उघडलं होतं मी. चहा पिताना. मग झाकण लावलं, दुपारी उघडलं. जे समोर होतं ते वाचलं. पान पुन्हा मागवायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"कुणाच्या घरात उघडून राहिलेलं पान आम्हाला बदलता येत नाही," मोरी-सान म्हणाले. "ते त्यांनीच पुन्हा मागवावं लागतं. मी म्हटलं, त्यांना सांगू या. माधव-सान नको म्हणाले. खाली वेळ टाकू म्हणाले, म्हणजे पुन्हा कुणाचं असं होणार नाही."

मला आधी रागच आला, खोटं कशाला सांगू? दादांचा राग आला. कुणी सांगितलं होतं एवढं मोठेपण घ्यायला! एकदा म्हणाले असते, अगं वेडे, पान जुनं होतं तुझं, तर चार दिवस भांडले असते, रडले असते आणि गप्प बसले असते. दुसऱ्या दिवशी मी इचिकावाला गेले आणि वहिनींच्या पायांशी बसले. मी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "मोरी-सान बोलले वाटतं." त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "तू ते साइटवरचं म्हणालीस ना, की माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. तुझ्या त्या फोननंतरच म्हटलं होतं यांना, आज सांगतेच तिला. तर म्हणाले, शुभा, ती पोरगी दिवसभर घरी एकटी असते. रोज सहा वेळा बाटली भरते. स्वतःची चूक आहे कळलं तर प्रत्येक वेळी हात कापेल तिचा. मला शिव्या देऊन तिला झोप लागत असेल तर देऊ दे."

"अहो, पण नंतर? सई मोठी झाली तेव्हा?"

"नंतर म्हणाले, आता काय सांगायचं, सगळ्यांना हसायला तरी मिळतं." वहिनींनी डोळे पुसले. "हसणं आवडायचं नाही त्यांना ते. घरी आले की गप्प असायचे."

हे ऐकून मला तिथे बसवेना. मी घरी येऊन आमच्या ग्रुपवर सगळं खरं लिहून टाकलं. सात जणांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली, एकीने लिहिलं, 'अगं, दादा मनावर घेणारे नव्हतेच,' आणि खाली लगेच कुणीतरी भाड्याने द्यायच्या घराचे फोटो टाकले. मी पुन्हा वहिनींकडे गेले आणि दादांची त्या वेळची डायरी मागून घेतली. प्रत्येक घर त्यात त्यांच्या बारीक अक्षरात आहे, नंबर आणि कुणाला काय लागेल ते. आमच्या नावापुढे लिहिलंय, 'बाळ सात महिने, वरचं दूध. पाण्याचं काही आलं तर आधी यांना.' खाली वेगळ्या शाईत त्या दुपारच्या तीन वेळा लिहिल्या आहेत, २.५०, ३.०५, ३.२०. प्रत्येकीपुढे, 'फोन बिझी.' तिकिटं मिळत नाहीत म्हणून मी तेव्हा पुण्याला आईशी बोलत रडत होते.

मग एकेका घराला फोन लावायला सुरुवात केली. कुणी पुण्यात परतलंय, कुणी टोरोंटोत आहे. दर वेळी पहिल्यापासून सांगायचं आणि दर वेळी समोरचं माणूस मलाच समजावणार, जाऊ दे गं, इतकी वर्षं झाली. परवा असाच फोन चालू असताना सई अभ्यास सोडून शेजारी येऊन बसली. ती माझ्याशी सहसा जपानीतच बोलते. विचारलं, ते बाळ मी का? म्हटलं, हो. मी ते पाणी प्यायले? हो. काका मला दर वाढदिवसाला डॉक्टरकडे गेलीस का विचारायचे, ते यासाठी?

मी नुसती मान डोलावली. तिने माझ्या हातातून फोन घेतला. तिच्या मराठीत क्रियापदांचा सगळा आनंदीआनंद असतो. "हॅलो काकू, मी सई. पाणी मी पिली होती. आई जुना पेज बघत होती. माधवकाकाचा बरोबर होता. तुम्ही आता तसा जोक करू नका, प्लीज."

पलीकडून हुंदका आला... आणि त्या म्हणाल्या, "नाही करणार, बाळा."

डायरीतली नऊ घरं मला सापडत नाहीत, नंबर बदललेत. त्यांच्यातलं कुणी हे वाचत असेल तर कृपा करून ऐका. दादांची माहिती त्या दिवशीही ताजी होती. शिळं होतं ते माझ्या घरात.