सात ओळींचं मागणं

माझे सासरे पुस्तकबांधणी करायचे. चाळीस वर्षं दाभण, दोरा आणि खळ यांत गेली. जिभेने फटकळ. कुणी सुटी पानं आणून लवकर द्या म्हटलं की म्हणायचे, घाई असेल तर घडी घालून खिशात ठेवा. गिऱ्हाईक तरीही परत यायचं, कारण त्यांनी शिवलेलं पान कधी सुटलं नाही.

त्यांच्या घराण्यात एक मागणं होतं, सात ओळींचं. दिवेलागणीला घरातल्या कर्त्याने पुढे उभं राहून ते देवापाशी पुटपुटायचं, बाकीच्यांनी मागे मान खाली घालून उभं राहायचं, मग जेवायला बसायचं. मागणं लिहायचं नाही. बापाने मुलाच्या कानात सांगायचं, तेही मुलगा लायक झाल्यावर. माझा नवरा सेहेचाळिशीला आला तरी लायक होईना. विचारलं की बाबांचं ठरलेलं उत्तर, आधी वेळेवर घरी यायला शीक. मला हसू यायचं. ओळी सात आणि रुबाब तिजोरीच्या किल्लीचा!

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही या शहरात आलो, नवव्या मजल्यावर. देवासाठी भिंत शोधू लागलो तर एकीपलीकडे लिफ्ट, दुसरीपलीकडे शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन. बाबा दोन दिवस जेवलेच नाहीत धड. देवाला आपला नवा पत्ता कोण देणार, म्हणाले. शेवटी मशीनच्या भिंतीसमोर उभे राहू लागले. पलीकडे धडधड सुरू झाली की आवाज चढवायचे, पण शब्द काही कळू द्यायचे नाहीत.

आठ महिन्यांनी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवा हात गेला, वाचा गेली. उरला एकच शब्द, बरं. पाणी हवं तरी बरं, नको तरी बरं. जन्मात कुणाच्या होला हो न मिळवलेला माणूस! मागणंही आतच अडकलंय हे लक्षात आलं तेव्हा नवरा हादरला. रोज सहाच्या ठोक्याला घरी येऊन त्यांच्या उशाशी बसायचा. आता येतो ना मी वेळेवर, म्हणायचा. बाबा म्हणायचे, बरं.

आठवड्यातून दोनदा मी त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायची. लहानशी खोली, टेबलावर प्लास्टिकची फळं. बाई म्हणाल्या, रोजच्या म्हणण्यातलं काही असेल तर चालीवर सुटतं कधी कधी. शब्द मला कुठले ठाऊक? पण एकोणीस वर्षं मी मागे उभी होते. आवाज कुठे उतरतो, श्वास कुठे घेतात, सगळं पाठ होतं. मी नुसतं गुणगुणले. बाबांनी डोळे मिटले आणि स्वच्छ म्हणाले,

"घरात आहेत त्यांना पुरव. वाटेत आहेत त्यांना पोचव. रुसून गेले त्यांना दार दाखव. आमच्या हातून सुटलं ते तू शिव."

मी रडले. एवढी वर्षं देव्हारा पुसला, पण देव आहे असं आतून वाटलं ते त्या प्लास्टिकच्या केळ्यांसमोर. पाचव्या ओळीशी बाबा थांबले. मी पुन्हा गुणगुणले, ते पुन्हा तिथेच थांबले.

घरीही तसंच होऊ लागलं. चार ओळी, की पुढे काही नाही. नवरा अंदाजाने विचारायचा. आजारी माणसांचं आहे का? लेकराबाळांचं? गेलेल्यांचं? बाबा प्रत्येकाला बरं म्हणायचे. एकदा नवरा मधेच उठला आणि गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला.

मग एका संध्याकाळी चार ओळी झाल्यावर बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरून मला ओढलं. मुलगा शेजारी उभा असताना मला. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. ओठ हलत राहिले, बराच वेळ. कानात ऊन श्वास तेवढा आला. त्यांनी मान मागे घेऊन माझ्याकडे पाहिलं. मिळालं का, एवढंच त्या डोळ्यांत होतं. नाही म्हणायला जीभ उचलेना. मी मान डोलावली.

त्यांचा चेहरा निवला. पोटभर जेवले. नवऱ्याने स्वयंपाकघरात मला गाठलं.

"काय सांगितलं?"

"काहीच नाही रे. नुसता श्वास."



एकदा दिलं की देणाऱ्याने ते पुन्हा ओठांवर आणायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. त्या दिवसापासून बाबांनी चार ओळीही सोडल्या. मी कितीही गुणगुणले तरी गप्प राहतात. संध्याकाळ झाली की मला पुढे ढकलतात आणि स्वतः मागे मान खाली घालून उभे राहतात. मी चार ओळी म्हणते. मग ओठ हलवत राहते, तीन ओळींना लागेल तेवढा वेळ.