दाबून धरलेलं बटण

विमानं दुरुस्तीला जिथं उभी करतात त्या हँगरमध्ये त्यांना सगळे फेसमामा म्हणत. आग लागली की छतातल्या यंत्रांतून साबणासारखा फेस कोसळतो आणि आग गुदमरून विझते. ती यंत्रणा सांभाळणं हे मामांचं काम. आता आग काही रोज लागत नाही. म्हणजे ज्या गोष्टीची त्यांनी उभी हयात निगा राखली, ती चालताना कधी पाहिलीच नव्हती! लोक चिडवायचे, "काय मामा, आजही पगार फुकटच ना?" मामा म्हणायचे, "फुकट मिळतोय तोवर देवाचे आभार माना." माणूस मुळातच थंड. बायको तर म्हणे, "घर पेटलं तरी हे आधी चपला सरळ करून ठेवतील."

ती बायको, म्हणजे मामी, त्याच हँगरमध्ये विमानातल्या सीटची कव्हरं शिवायची. तोंडानं फटकळ, पण हात असा की शिवण शोधून सापडू नये. घरी जेवताना मामा तिला समजावत, "फेसात सापडलीस तर पळायचं नाही. नाकातोंडावर कापड धरायचं, एक हात भिंतीला, आणि भिंत सोडायची नाही." मामी वैतागायची. "अहो, दोन घास तरी फेसाशिवाय खाऊ द्या!"

छताजवळ ज्वाळा ओळखणारी उपकरणं बसवली होती, त्यांना सगळे डोळे म्हणत. वेल्डिंगचा लखलखाट आणि आग, यांतला फरक या डोळ्यांना कळत नाही. म्हणून रीत अशी, की वेल्डरनं आधी हाक द्यायची, "मामा, डोळे झाका!" मामा किल्ली फिरवून ते बंद करणार, मगच वेल्डिंग सुरू.

त्या दिवशी वेल्डर बाहेर अंगणात एक मोडकी शिडी जोडत बसला होता. आपण हँगरच्या बाहेर, मग हाक कशाला, असं त्याला वाटलं. आणि मागचा एवढा थोरला दरवाजा सताड उघडा, हे काही त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. डोळ्यांनी लखलखाट पाहिला. भोंगा वाजला आणि छतातून फेस धबाधबा कोसळायला लागला.

माणसं मिळेल त्या वाटेनं बाहेर पळाली. मामा मात्र आत, कोपऱ्यातल्या चार पायऱ्या वर असलेल्या आपल्या काचेच्या खोलीत. त्यांनी थांबवायचं बटण दाबलं. ते बटण दाबून धरलं तोवरच फेस थांबतो, बोट उचललं की पुन्हा सुरू. कुणी घाबरून दाबावं आणि खऱ्या आगीत फेस बंद पडावा, असं होऊ नये म्हणून तशी सोय. फेस थांबला, पण तोवर तो विमानाच्या पंखांपर्यंत चढला होता. दुसऱ्या हातानं मामांनी पंपघरात फोन लावला. "मुख्य झडप बंद कर, लवकर!"

"अडकलीय मामा, जोर लावतोय!"

तेवढ्यात फेसातून आवाज आला, "अहो!"

विमानाच्या शेपटीपाशी जमिनीवर बसून मामी कापड बेतत होती. बाहेर पळालेल्यांत ती नव्हती.

"भिंत धर गं! भिंत!" मामा जीव तोडून ओरडले. फेसानं शब्द गिळून टाकले. पुन्हा हाक आली नाही.

जावं का? हात उचलला की वरून पुन्हा कोसळणार, तिच्याच डोक्यावर. आणि नाही गेलो तर? मामा आयुष्यात इतके कधीच घाबरले नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अंगठा पांढराफटक पडला होता, आणि समोर नुसता पांढरा ढीग, हलेना की बोलेना. फोनमध्ये पंपवाला कण्हत होता.

बऱ्याच वेळानं पायरीवर काहीतरी घासलं. दार ढकलून मामी आत आली. डोक्यापासून पायापर्यंत फेस, तोंडावर कव्हराचा तुकडा, आणि एक हात अजून भिंतीवरच. खोकून खोकून तिचा जीव अर्धा झाला होता.

"मी हाक मारली हो," ती म्हणाली. "तुम्ही आला नाहीत."

"सोडलं असतं तर तुझ्यावरच..." मामांनी मानेनंच बटण दाखवलं.

मामीनं त्या बटणाकडं पाहिलं. मग त्यांच्या अंगठ्याकडं. एरवी तिनं चार गोष्टी सुनावल्या असत्या. आज तिनं हात कापडाला पुसला आणि त्यांच्या अंगठ्याशेजारी आपला अंगठा घट्ट रोवला.

"काढा हात. बसा खाली. मी धरते."

मामा मटकन जमिनीवर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. लोंबकळणाऱ्या फोनमधून पंपवाला ओरडला, "झाली बंद! मामा, सोडा आता!"

"त्याला म्हणावं, पुन्हा एकदा बघ," मामी म्हणाली, आणि तिनं बटण सोडलं नाही.